मोटारसायकलीच्या हँडलांतील तार

मोटारसायकलीचें हँडल बदलणें ही गोष्ट बहुतेक घरांत हौसेची समजली जाते. तरुण मुलगा जुनी बुलेट विकत घेतो, तिचें मूळचें ठेंगणें हँडल काढून त्या जागीं उंच, रुंद किंवा मागें वळलेलें हँडल बसवितो, आणि घरांतील वडील मंडळी फार तर तिच्या नव्या रूपाविषयीं दोन शब्द बोलून गप्प बसतात. हें नवें हँडल चढवितांना दिव्याच्या, भोंग्याच्या आणि इंजिन बंद करण्याच्या कळांकडे जाणाऱ्या तारा अपुऱ्या पडतात व त्यांना तुकडे जोडून त्या लांबवाव्या लागतात, ही गोष्ट मात्र सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. तो तुकडा कोणत्या तारेचा असावा, हा प्रश्न पुष्कळदां दुकानांत जें रीळ हाताशीं असेल त्यानेंच सुटतो. परंतु पावसाळी रात्रीं घाटांतील वळणावर हँडल वळवितांच पुढचा दिवा एकाएकीं विझला, तर त्याचें कारण याच हातभर तारेंत असूं शकतें. तेव्हां या तारेची निवड हा हौसेचा विषय न राहतां जिवाचा विषय होतो.

उंच हँडलाची आवड मूळची अमेरिकेंतील. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळांत तेथील तरुणांनीं जड मोटारसायकलींचे अनावश्यक भाग काढून टाकून त्यांना आपल्या मनासारखें रूप देण्यास प्रारंभ केला. त्यांतूनच खांद्याइतकें किंवा त्याहूनही उंच हँडल पुढें आलें. तें धरून बसलेला मनुष्य फांदीला लोंबकळणाऱ्या वानरासारखा दिसतो, म्हणून त्यास 'एप हँगर' असें थट्टेचें नांव मिळालें. १९६९ सालच्या 'ईझी रायडर' या चित्रपटानें लांबविलेल्या मोटारसायकलींची कीर्ति जगभर नेली. हिंदुस्थानांत १९५५ सालीं मद्रासेस एन्फील्ड मोटारसायकलींची जुळणी सुरू झाली, आणि पुढें या हौसेला तीच बुलेट सर्वांत सोयीची ठरली. पुण्यामुंबईच्या रस्त्यांवर अशा फेरफार केलेल्या बुलेटी आज सहज दृष्टीस पडतात. या हौसेचा एक विशेष असा कीं, हँडल स्वच्छ व मोकळें दिसावें म्हणून पूर्वीं बाहेरून पट्ट्यांनीं बांधलेल्या तारा आतां हँडलाच्या पोकळ नळींतून नेल्या जातात. रूप सुधारतें खरें. परंतु एकदां नळींत गेलेली तार डोळ्यांस दिसत नाहीं, आणि जी दिसत नाहीं तिची निवड अधिकच जपून करावी लागते.

तार निवडतांना सामान्यतः एकच प्रश्न विचारला जातो: ती किती प्रवाह वाहूं शकेल? प्रश्न योग्य आहे, पण अपुरा आहे. घराच्या भिंतींतील तार एकदां बसविली कीं जागची हलत नाहीं. हँडलांतील तारेची स्थिति याच्या अगदीं उलट असते. हँडल दिवसांतून शेंकडों वेळां डावीकडे-उजवीकडे वळतें, इंजिनाचें कंपन क्षणभरही थांबत नाहीं, नळीच्या छिद्राची कड तारेवर घासत राहते, आणि ऊन, पाऊस व इंजिनाची आंच यांची त्यांत भर पडते. म्हणून या तारेची अर्धीच निवड तिच्यांतून जाणाऱ्या विजेवरून होते. उरलेली अर्धी ती ज्या वाटेनें जाते त्या वाटेवरून करावी लागते. हें एक सूत्र ध्यानांत ठेवलें म्हणजे पुढील सर्व तपशील त्याभोंवतीं आपोआप जुळून येतात.

प्रथम विजेचा हिशेब पाहूं जातां तो फारसा कठीण नाहीं. आजच्या अनेक मोटारसायकलींवर बारा व्होल्टांवर चालणारा ६०/५५ वॅटांचा हॅलोजन दिवा असतो. साठ वॅटांना बारा व्होल्टांनीं भागलें म्हणजे पांच अँपिअर प्रवाह येतो. दिशादर्शक दिवा दहा वॅटांचा असल्यास त्यास एक अँपिअरही लागत नाहीं. स्टार्टरची कळ मोटरीचा प्रचंड प्रवाह स्वतः वाहत नाहीं. ती केवळ एका रिलेला इशारा देते, म्हणून तिचा प्रवाह थोडका असतो. इंजिन बंद करण्याच्या कळेंतून मात्र कांहीं गाड्यांत इग्निशनचा सगळा प्रवाह जातो, आणि म्हणून त्या तारेला कमी लेखतां येत नाहीं.

आतां तारेचा रोध पाहावा. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेस दर मीटरला सुमारें ०.०१७ ओहम रोध असतो. छेद निम्मा केला कीं रोध दुप्पट होतो. समजा, बॅटरीपासून हँडलावरील कळेपर्यंत आणि तेथून परत दिव्यापर्यंत, सगळे वळसे धरून, तारेची लांबी चार मीटर झाली. ही तार अर्ध्या चौरस मिलिमीटरची असेल तर तिचा रोध सुमारें ०.१४ ओहम होईल, आणि पांच अँपिअर प्रवाहास तिच्यांत जवळजवळ ०.७ व्होल्ट दाब वाटेंतच सोडावा लागेल. सात दशांश व्होल्ट म्हणजे कांहींच नव्हे, असें वाटणें स्वाभाविक आहे. परंतु तंतूच्या दिव्याचा प्रकाश दाबाच्या प्रमाणांत कमी होत नाहीं. तो साधारणपणें दाबाच्या साडेतीन घाताच्या जवळपास घटतो. त्यामुळें सहा टक्क्यांहून कमी दाब गेला असतांही प्रकाश सुमारें अठरा टक्क्यांनीं उणा होतो. तीच तार एक चौरस मिलिमीटरची घेतली तर ही तूट दहा टक्क्यांच्या आंत येते. उंच हँडल बसविल्यावर "दिवा पूर्वीसारखा पडत नाहीं" अशी तक्रार पुष्कळदां ऐकूं येते, आणि दोष बल्बावर किंवा बॅटरीवर ठेवला जातो. खरी चोरी वाटेंतील बारीक तारेनें केलेली असूं शकते.

ही अडचण टाळण्याचा एक सुंदर उपाय म्हणजे रिले. रिले ही एक लहानशी विद्युच्चुंबकीय कळ असून ती दिव्याजवळच बसवितां येते. बॅटरीपासून दिव्यापर्यंतचा मोठा प्रवाह जाड व आंखूड तारेनें थेट जातो, आणि हँडलावरील कळ केवळ रिलेच्या वेटोळ्यास जागें करते. या वेटोळ्यास सामान्यतः एक पंचमांश अँपिअरहून अधिक प्रवाह लागत नाहीं. अशी योजना केली म्हणजे हँडलाच्या नळींतील तार अगदीं बारीक, म्हणजे ०.३५ किंवा ०.५ चौरस मिलिमीटरची, चालते; दिवा अधिक उजळ पडतो; आणि जुन्या कळेचे जळूं लागलेले संपर्कही वांचतात. ज्या गाड्यांवर आतां एल्. ई. डी. दिवे आहेत, त्यांचा प्रवाह मुळांतच कमी असल्यामुळें हा प्रश्न बराच सौम्य होतो. सारांश, हँडलांतून जाड तार कोंबण्यापूर्वीं जाड तारेची गरजच काढून टाकतां येते काय, हें पाहणें शहाणपणाचें असतें.

दुकानांत गेल्यावर गिऱ्हाईक फसतें तें मापांच्या नांवांत. तारेची जाडी कोणी चौरस मिलिमीटरांत सांगतो, तर कोणी गेजांत. आणि गेजांतही अमेरिकन व ब्रिटिश असे दोन प्रकार आहेत. दोन्हींत आंकडा वाढला कीं तार बारीक होते, एवढेंच त्यांच्यांत साम्य. अमेरिकन अठरा गेजाचा छेद सुमारें ०.८२ चौरस मिलिमीटर भरतो, तर ब्रिटिश अठरा गेजाचा १.१७. अमेरिकन पुस्तक वाचून "अठरा नंबर" मागणाऱ्याच्या हातीं त्यामुळें निराळीच वस्तु पडूं शकते. सर्वांत निर्धास्त मार्ग म्हणजे चौरस मिलिमीटर विचारणें, किंवा पेडांची संख्या व जाडी पाहणें. रिळावर २४/०.२० असें लिहिलें असेल, तर त्याचा अर्थ ०.२० मिलिमीटर व्यासाचे चोवीस पेड असा होतो, आणि त्यांचा एकूण छेद ०.७५ चौरस मिलिमीटर भरतो. १४/०.३० या तारेचा छेद जवळजवळ एक चौरस मिलिमीटर असतो.

पेडांचा हा उल्लेख केवळ मोजमापासाठीं नाहीं; हँडलाच्या बाबतींत सगळें मर्म त्यांतच आहे. दोरखंड लवचिक असतो आणि तितक्याच जाडीची काठी ताठ असते, हें सर्वांस ठाऊक आहे. तारेचेंही तसेंच. कोणतीही तार वांकविली म्हणजे तिची बाहेरची बाजू ताणली जाते व आंतली दबते. हा ताण तारेच्या जाडीस वांकाच्या व्यासानें भागून काढतां येतो. एक चौरस मिलिमीटरची एकसंध तार १.१३ मिलिमीटर जाड असते; ती वीस मिलिमीटर त्रिज्येंत वांकविली तर तिची बाहेरची कड २.८ टक्के ताणली जाते. त्याच वांकांत ०.२० मिलिमीटरचा बारीक पेड केवळ अर्धा टक्का ताणला जातो, कारण पिळलेले पेड एकमेकांवरून थोडथोडे सरकूं शकतात. तांबें वारंवार ताणलें म्हणजे तें आधीं कडक होतें आणि मग तडकतें. खिळा नसला म्हणजे मुलें तारेचा तुकडा पुढेंमागें वांकवून तोडतात तो याच न्यायानें. म्हणून हँडलासाठीं एकसंध तार सर्वथा वर्ज्य समजावी, आणि पेडांच्या तारेंतही थोड्या जाड पेडांपेक्षां पुष्कळ बारीक पेडांची तार पत्करावी.

तार मोडते तीही कोठेंही मोडत नाहीं. तिची मोडण्याची जागा जवळजवळ ठरलेली असते. मोटारसायकलीच्या मानेपाशीं, म्हणजे जेथें हँडल सांगाड्यावर फिरतें तेथें, प्रत्येक वळणावर तार वांकते. येथें तार ओढलेली ठेवली तर सगळा वांक एकाच बिंदूवर पडतो. तिला पुरेसा सैलपणा देऊन एक मोकळा वळसा ठेवला, तर तोच वांक वीतभर लांबीवर पसरतो. त्याहूनही चांगलें म्हणजे तार मानेच्या अक्षाच्या जितकी जवळ नेतां येईल तितकी नेणें. मग हँडल वळलें तरी तार वांकण्याऐवजीं किंचित पिळली जाते, आणि लांब तारेस पीळ फारसा बाधत नाहीं. प्लॅस्टिकच्या बंदानें तार बांधतांना तो बंद नेमका वांकाच्या जागीं आवळूं नये. तो वांकाच्या अलीकडे व पलीकडे असावा.

यापुढें वेष्टनाचा विचार येतो. घरांत वायरिंगसाठीं आणलेल्या तारेचें उरलेलें रीळ पुष्कळ घरांत पडून असतें, आणि तीच तार हँडलांत घालण्याचा मोह होतो. ती शुद्ध तांब्याची असली तरीही या कामास गैरसोयीची आहे. घरच्या तारेचें वेष्टन २३० व्होल्टांच्या विजेसाठीं केलेलें असल्यामुळें जाड असतें. एक चौरस मिलिमीटरच्या तारेचा बाहेरचा व्यास पावणेतीन मिलिमीटरांच्या आसपास जातो. मोटारींसाठीं केलेल्या पातळ वेष्टनाच्या ०.७५ चौरस मिलिमीटर तारेचा व्यास दोन मिलिमीटरांहून कमी असतो. हा फरक एका तारेंत क्षुल्लक दिसतो, पण तारा एकट्या जात नाहींत. समान जाडीच्या सात तारा एकत्र बांधल्या म्हणजे एक मध्यें व सहा भोंवतीं अशा बसतात, आणि जुडग्याचा व्यास एका तारेच्या तिप्पट होतो. घरच्या तारेचें जुडगें अशा रीतीनें सव्वाआठ मिलिमीटर जाड होतें, तर मोटारीच्या तारेचें पावणेसहापर्यंत राहतें. हँडलाच्या नळीची पोकळी प्रशस्त असते; अडचण असते ती आंतबाहेर जाण्याच्या छिद्रापाशीं. दहा मिलिमीटरांच्या छिद्रांत रबरी ग्रोमेट बसविल्यावर सव्वाआठ मिलिमीटरांचें जुडगें जातच नाहीं. मग ग्रोमेट काढून टाकलें जातें, आणि पुढील अनर्थाचें बीज तेथेंच पडतें.

वेष्टनाच्या पदार्थांत मुख्य तीन-चार प्रकार आढळतात. घरगुती तारेचें साधें पी. व्ही. सी. ७० अंश सेल्सिअस उष्णतेपर्यंत टिकण्यासाठीं केलेलें असतें. मोटारींसाठींचें पी. व्ही. सी. १०५ अंशांपर्यंत चालतें, आणि तें सहज मिळतें व सोलावयास सोपें असतें. रेणूंची परस्परांशीं गुंफण केलेलें पॉलिथीन सव्वाशें अंशांपर्यंत जातें, ओरखड्यांस अधिक दाद देत नाहीं, आणि डाख देतांना वितळून मागें सरत नाहीं. हौशी लोकांत सर्वांत नांवाजलेलें वेष्टन म्हणजे टेफ्लॉन. रॉय प्लंकेट या अमेरिकन रसायनज्ञास १९३८ सालीं योगायोगानें हा पदार्थ सांपडला. त्याचें वेष्टन अतिशय पातळ करतां येतें, दोनशें अंश उष्णता त्यास सहज सोसते, आणि तें इतकें गुळगुळीत असतें कीं भरलेल्या नळींतूनही तार सुळकन सरकते. मात्र त्यांत एक अवगुण आहे. सतत दाबाखालीं टेफ्लॉन हळूहळू बाजूस सरतें. तारेचें जुडगें एखाद्या धारदार कडेवर टेकून राहिलें तर कांहीं महिन्यांनीं वेष्टन तेथें पातळ होऊन तांबें उघडें पडूं शकतें. त्याचाच चुलतभाऊ म्हणतां येईल असें ई. टी. एफ्. ई. हें वेष्टन दीडशें अंशांपुरतें असलें तरी अधिक चिवट आहे, आणि विमानांच्या तारांस तें वापरलें जातें. महाग वेष्टन घेतलें म्हणजे छिद्राची कड घासण्याची गरज उरत नाहीं, ही समजूत म्हणूनच घातक आहे.

वेष्टनाच्या आंतील धातूचीही परीक्षा करावी. बाजारांत ॲल्युमिनिअमवर तांब्याचा पातळ मुलामा दिलेली तार तांब्याची म्हणून विकली जाते. तिची वाहकता तांब्याच्या सुमारें दोन तृतीयांशच भरते, आणि वांकण्यास ती फारच हळवी असते. ओळखण्याची खूण सोपी आहे. पेड चाकूनें खरवडावा: बाहेरून तांबडा व आंतून पांढरा निघाला तर ती मुलाम्याची तार होय, ती परत करावी. बाहेरून पांढरा व आंतून तांबडा निघाला तर ती कल्हई केलेल्या तांब्याची तार, आणि ती अवश्य घ्यावी. स्वयंपाकघरांतील तांब्यापितळेच्या भांड्यांस कथलाची कल्हई ज्या हेतूनें करतात, त्याच हेतूनें पेडांसही करतात. हवेंतील ओल व खारटपणा यांमुळें उघडें तांबें काळें-हिरवें पडतें, आणि ही कीड वेष्टनाच्या आंतून पेडापेडांमधून पुढें सरकत जाते. कोंकणांत, गोव्यांत किंवा मुंबईंत समुद्रकांठीं राहणाऱ्यानें कल्हईच्या तारेसाठीं थोडे अधिक पैसे मोजले तर ते वायां जात नाहींत.

आतां हँडलांतील छिद्रांविषयीं. तयार छिद्रें असलेलें हँडल मिळत असेल तर तेंच घ्यावें. साध्या हँडलास घरीं छिद्र पाडणें हें वाटतें तितकें निरुपद्रवी काम नव्हे. ताणलेल्या पत्र्यांत वाटोळें छिद्र पाडलें तर त्याच्या कडेशीं ताण तिप्पट होतो, हें जर्मन अभियंता किर्श यानें १८९८ सालीं गणितानें दाखविलें. हँडलास सर्वांत अधिक ताण जेथें तें मधोमध पकडलेलें असतें त्या पकडीलगत पडतो. तेथें छिद्र पाडणें म्हणजे हँडल मोडण्यास जागा आंखून देण्यासारखें आहे. ॲल्युमिनिअमच्या हँडलास छिद्र पाडणें तर टाळावेंच, कारण त्या धातूस लहानसा ताणही पुनःपुन्हां दिल्यास शेवटीं थकवा आणतो. छिद्र तयार असो वा पाडलेलें असो, त्याची आंतबाहेरची कड बारीक कानशीनें घासून बोटाला गुळगुळीत लागेपर्यंत मारावी, आणि तेथें रबरी ग्रोमेट अवश्य बसवावें. उजव्या बाजूस छिद्र असें असावें कीं फिरणाऱ्या ॲक्सिलरेटरच्या नळीखालीं तार चिरडली जाणार नाहीं.

तारा ओंवतांना घाई उपयोगी नाहीं. आधीं मजबूत दोरी नळींतून पार करावी, तारांचीं टोकें एकाच ठिकाणीं न बांधतां मागेंपुढें ठेवून निमुळतीं करावीं, त्यांवर शंखजिऱ्याची पूड चोळावी, आणि एकानें मागून तारा सोडाव्या व दुसऱ्यानें पुढून हलक्या हातानें ओढाव्या. अडली तर झटका देऊं नये. परत घेऊन पुन्हां ओंवावी. नळीच्या आंत एकही जोड नसावा, हा नियम कसोशीनें पाळावा. जी तार लांबवावयाची ती शक्यतों कळेपासून दिव्याच्या आंतील जोडपेटीपर्यंत अखंड नवीनच घालावी. जोड देणें भागच असेल तर तो न हलणाऱ्या जागीं द्यावा. तेथें डाखापेक्षां योग्य पकडीनें दाबून बसविलेली नळी बरी. कारण डाख देतांना कथील पेडांमध्यें चढतें, तेवढी तार काठीसारखी ताठ होते, आणि जेथें ताठपणा संपतो तेथेंच ती कंपनानें तुटते. डाख दिलाच तर जोडाच्या दोन्ही बाजूंस तारेला आधार द्यावा. जोडावर काळी चिकटपट्टी गुंडाळून समाधान मानूं नये. उन्हानें तिचा गोंद पाझरतो. उष्णतेनें आकसणारी व आंतून चिकट असलेली नळी त्यावर बसवावी.

दोन गोष्टी नेहमीं विसरल्या जातात. पहिली परतीच्या तारेची. कांहीं गाड्यांत भोंग्याचा किंवा अन्य कळेचा प्रवाह हँडलाच्या धातूंतून परत जातो. नवें हँडल रबरावर बसविलेलें असेल किंवा त्यावर रंगाचा जाड थर असेल, तर ही वाट बंद पडते किंवा मानेच्या छऱ्यांवर अवलंबून राहते. म्हणून परतीसाठीं एक स्वतंत्र तार नळींतूनच आणून सांगाड्यास किंवा बॅटरीस जोडावी. दुसरी गोष्ट रंगांची. सगळ्या तारा काळ्या घेतल्या तर त्या दिवशीं काम लवकर उरकतें. परंतु वर्षभरानें रस्त्यांत बिघाड झाला म्हणजे कोणती तार कशाची हें कोणासच सांगतां येत नाहीं. मूळ तारेचा जो रंग तोच जोडतारेचा ठेवावा.

फ्यूजाविषयीं एक गैरसमज फार रूढ आहे. फ्यूज दिव्याचें रक्षण करतो असें समजतात; वस्तुतः तो तारेचें रक्षण करतो. मूळ मंडलास दहा अँपिअरचा फ्यूज आहे आणि त्यांत मध्येंच एक केसासारखा बारीक तुकडा जोडला, तर घर्षणानें तांबें उघडें पडून हँडलास टेकतांच फ्यूज वितळण्यापूर्वीं तो तुकडाच तापून पेटूं शकतो, आणि तोही पेट्रोलच्या टांकीपासून हातभर अंतरावर. मंडलांत जी सर्वांत बारीक तार असेल तिला साजेसाच फ्यूज असावा. वारंवार फ्यूज जातो म्हणून मोठा फ्यूज घालणें हें तापमापक फोडून ताप उतरविण्यासारखें आहे.

अलीकडील गाड्यांत आणखी एक सावधगिरी लागते. कांहींत ॲक्सिलरेटरला केबल नसून हँडलांतील संवेदक विजेच्या सूक्ष्म संकेतांनीं इंजिनास आज्ञा देतो. कांहींत कळांचे संदेश बॉश कंपनीनें १९८६ सालीं पुढें आणलेल्या 'कॅन' पद्धतीनें एकमेकांभोंवतीं पिळलेल्या दोन तारांवरून जातात. येथें जाडीचा प्रश्न गौण असून पीळ, कवच आणि जोडांची शुद्धता यांस महत्त्व असतें. अशा तारा सुट्या तुकड्यांनीं लांबवूं नयेत. त्या गाडीसाठीं केलेला तयार लांब संचच घ्यावा.

काम संपल्यावर परीक्षा घ्यावी. मोकळ्या हवेंत गाडी स्टँडवर उभी करून इंजिन मंद चालूं द्यावें, आणि हँडल या टोंकापासून त्या टोंकापर्यंत सावकाश फिरवावें. इंजिन अडखळलें तर बंद करण्याच्या कळेची तार ताणली जात आहे. त्याचा वेग वाढला तर ॲक्सिलरेटरची केबल ओढली जात आहे. त्यानंतर दिवा, भोंगा, दिशादर्शक व पुढच्या ब्रेकचा दिवा हीं दोन्ही टोंकांशीं तपासावीं. केवळ मीटरनें तार अखंड आहे कीं नाहीं एवढेंच पाहणें पुरेसें नाहीं. वीस पेड तुटून दोनच उरले असतील तरी मीटर तार अखंड असल्याचीच साक्ष देतो. म्हणून दिवा पेटता ठेवून बॅटरीच्या धन टोंकापासून दिव्याच्या जोडापर्यंत दाबाचा फरक मोजावा. तो अर्ध्या व्होल्टाच्या आंत असला म्हणजे तार व तिचे जोड ठीक समजावे. हीच मोजणी दरसाल पावसाळ्यापूर्वीं करावी.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमान्वयें, नोंदणीपत्रांतील तपशील उत्पादकाच्या मूळ वर्णनाशीं विसंगत होईल असा फेरफार मालकास करतां येत नाहीं. म्हणून हँडल विकत घेण्यापूर्वींच परिवहन कार्यालयांत चौकशी करणें बरें.

तात्पर्य, कल्हईदार तांब्याचे पुष्कळ बारीक पेड, पातळ व उष्णता सोसणारें वेष्टन, हिशेबानें ठरविलेला छेद, घासून गुळगुळीत केलेली कड आणि मानेपाशीं ठेवलेला मोकळा वळसा, एवढ्या गोष्टी सांभाळल्या म्हणजे हँडलांतील तार आपलें काम वर्षानुवर्षें मुकाट्यानें करीत राहते. नव्या हँडलाच्या मानानें या तारेची किंमत अगदीं नगण्य असते. घरांतील वडील माणसास मुलाची हौस मोडावयाची नसेल तर तिला हरकत घेण्याचें कारण नाहीं. मात्र नव्या हँडलाचें कौतुक करतांना, "आंतली तार कोणती घातलीस?" एवढा एक प्रश्न त्यानें अवश्य विचारावा, आणि उत्तर समाधानकारक मिळेपर्यंत रात्रीच्या प्रवासाची परवानगी देऊं नये.